रामटेकच्या झाडीत लाल-पिवळं, उलट्या पाकळ्यांचं फूल दिसलं, कोणतं आहे हे? घरी लावता येईल का?

बजाजनगरची_भटकी
नमस्कार मंडळी. पोळ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही सोसायटीतले काही जण रामटेकला गेलो होतो, गडावर दर्शन झालं, मग गाडीकडे न येता अंबाळा तलावाच्या बाजूनं पायऱ्या उतरलो आणि तिथल्या झाडीत जरा फिरलो. पाऊस नुकताच उघडला होता, सगळं हिरवंगार, आणि एका बोरीच्या काट्यात चढलेल्या वेलावर हे फूल. मी तर तिथंच उभी राहिली. पाकळ्या सहा, बुडाशी पिवळ्या आणि वर लालभडक, कडा अशा नागमोडी, आणि सगळ्या मागं वळून आकाशाकडं उभ्या. खाली लांब लांब केसर चारी बाजूंनी पसरलेले. त्याच वेलावर एक फूल पूर्ण लाल होतं, एक पिवळं आणि एक अजून हिरवटच, म्हणून हे एकच झाड आहे की दोन वेल एकमेकांत गुंतलेत तेच कळेना.
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्यानं फुलाला हात लावला, तेव्हा ग्रुपमधल्या एका काकू ओरडल्या की विषारी आहे, सोड. आणि दुसरे एक काका म्हणून राहिले होते की कंद खणून न्या, कुंडीत मस्त येते. दोघांपैकी कोणाचं ऐकू? फोटो टाकलेत, फोनचे आहेत, सांभाळून घ्या.

गोरेवाडा_सकाळी_सहा
ताई, कळलावी आहे ही. अग्निशिखा पण म्हणतात, कोणी खड्यानाग म्हणते. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. फोटो छान आलेत, विशेषतः दुसरा, त्यात पानाचं टोक दिसून राहिलं बघा, तेच या झाडाची खरी ओळख. पान लांबट असते आणि त्याचं टोक निमुळतं होत होत वळून आधाराला गुंडाळते, वेगळे ताणे नसतात, पानच धरून ठेवते. म्हणून ती बोरीत, घाणेरीत, बांबूत, जे सापडेल त्यावर चढते, आणि आधार नसला तर जमिनीवर लोळते आणि फुलं गवतात लपून जातात.
रंगाचं म्हणाल तर एकच वेल आहे. फूल उमलते तेव्हा हिरवट असते, मग पिवळं होते, मग वरून लाल चढत चढत काही दिवसांत सगळं लाल, त्यामुळं एकाच वेलावर सगळ्या अवस्था सोबत दिसतात. फूल खाली तोंड करून लटकते, पाकळ्या मात्र वर, आणि स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात बाजूला वळलेली असते. पुढच्या वेळी जवळून नक्की बघा, मला तर या फुलातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. मोठी फुलपाखरं रस घ्यायला आली की पंख त्या पसरलेल्या केसरांना घासतात, पराग इकडून तिकडं जातो.
लिली म्हणतात हिला, आधी लिलीच्या कुळातच धरत होते, आता वनस्पतीशास्त्रवाले वेगळ्या कुळात घेतात. तामिळनाडूचं राज्यफूल आहे आणि तिकडं झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल, म्हणजे आफ्रिका आणि आपला देश, दोन्हीकडं ती मूळचीच.

वॉर्डातली_ताई
मी नर्स आहे म्हणून विषाबद्दल मीच लिहिते, कारण हे अर्धवट सांगण्यासारखं नाही. हो, विषारी आहे, आणि थोडीथोडकी नाही. कोल्चिसिन नावाचं द्रव्य असते तिच्यात, सगळ्या भागात असते पण कंदात आणि बियांत जास्त. तेच कोल्चिसिन गाऊटच्या (सांधे सुजून दुखतात तो आजार) पेशंटला गोळी म्हणून देतात, पण डोस अगदी मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली, कारण औषध आणि विष यातलं अंतर फार कमी आहे.
भीती कंदाची आहे. दिसायला रताळ्यासारखा असतो आणि लोकांनी रताळं किंवा रानकंद समजून उकडून खाल्ल्याच्या केसेस झालेल्या आहेत, उकडून विष जात नाही. आधी काही तास काहीच वाटत नाही, मग उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, आणि बरं वाटतंय म्हणता म्हणता किडनी, रक्तातल्या पेशी यावर परिणाम होतो, वाचलेल्या पेशंटचे नंतर केसही गळतात. यावर उतारा म्हणून खात्रीचं औषध दवाखान्यात नाही, नुसती लक्षणांवर ट्रीटमेंट, म्हणून वेळ फार महत्त्वाचा. कोणी खाल्लं असं कळलं तर उलटी काढायला मीठपाणी पाजत बसू नका, सरळ १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा किंवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन जा, आणि झाडाचा फोटो किंवा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या.
जुन्या बायका बाळंतपणात कळा याव्यात म्हणून हिचा कंद वापरायच्या, अजूनही कोणी कोणी सांगते. प्लीज हे कोणीच करू नका, आई आणि बाळ दोघांच्या जीवावर बेतू शकते.
बजाजनगर ताई, तुमच्या पिल्लूनं नुसता फुलाला हात लावलाय, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हात साबणानं धुतले की झालं, तोंडात काही घातलं नाही ना तेवढं बघायचं.

धरमपेठ_गच्ची
विषारी तर कण्हेरपण आहे आणि नागपुरात प्रत्येक रस्त्याच्या डिव्हायडरवर लावली आहे. मग एक कंद आणला तर काय बिघडते? माझ्या गच्चीवर उन्हाळ्यात ४५ डिग्रीत बोगनवेलीशिवाय काही टिकत नाही, आणि ही उन्हाळाभर जमिनीत झोपते म्हणतात, म्हणजे आपल्यासाठी तर बेस्टच. मला तर रामटेकला गेलो की घेऊनच यावं वाटते.

उमरेडरोड_वावर
भाऊ असं करू नका. आमच्या इकडं धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, आधी लय दिसे, पावसायात काट्याकुट्यातून अशी वर येई का लांबूनच लाल दिसे, आता कमी झाली. एक तर धुरे साफ करून टाकले, त्यात फवारणी, आणि वरून कंद खणणारे लोक, कोणी जडीबुटीले विकते, कोणी घरी नेते. एका वेलाले एकच कंद, दोन फाट्याचा, नांगराच्या आकाराचा, आणि कोंब फक्त फाट्याच्या टोकाले असते. खणताना ते टोक मोडलं का गेलं, मग कुंडीत पाणी घालत बसा. मले तं वाईट याचं वाटते का जंगलातूनबी गेली आणि घरीबी नाई आली.
आमच्या वावरात एक वेल उरला आहे, त्याले मी काटे तसेच ठेवले. लेकरायले दाखवतो, पण आधी सांगतो का हात लावायचा नाई. तुमाले पाहायचा असन तं पोळा झाल्यावर या, फुलं असतात तवा.

गोरेवाडा_सकाळी_सहा
वावरवाले भाऊ, एकदम बरोबर. आणि गच्चीवाले दादा, कायद्याचंही बघा. पेंच, उमरेड-कऱ्हांडला असं संरक्षित क्षेत्र असेल तर तिथून झाड काय, कंद काय, काहीही परवानगीशिवाय काढणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि राखीव जंगलाला वेगळा वन कायदा लागतोच.
खरंच लावायची असेल तर नर्सरीतून लागवडीचा कंद घ्या. दिंडीगुल, करूर, तिरुपूर या भागात हिची शेती होते, बियांसाठी, औषध कंपन्यांना जाते. तिकडं शेतकरी हातानं परागीकरण करतात कारण आपोआप बी कमी धरते. फुलात हात घालून रोज एकेक फूल करायचं, केवढी मेहनत! कोल्चिसिनचा शेतीतही उपयोग आहे, त्यानं रोपातले क्रोमोसोम (गुणसूत्रं) दुप्पट होतात हे १९३७ पासून माहीत आहे, बिनबियांच्या टरबुजाच्या मागं हीच करामत आहे.
पण घरात लहान मूल, कुत्रं, मांजर असेल तर मी तरी कुंडीत लावा म्हणणार नाही. कण्हेर आहे म्हणून अजून एक विष गच्चीवर आणायचं, हे मला पटत नाही.

सध्या_ब्रिस्बेन
मूळचा नागपूरच्या महाल भागातला, सध्या ऑस्ट्रेलियात. इथं हेच फूल समुद्रकिनाऱ्याच्या वाळूच्या टेकड्यांवर वाढते, आणि लोक वैतागलेत. बागेत लावायला आणलेली, तिथून बाहेर पसरली, स्थानिक झुडपांवर चढते, आता क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक जाऊन ती उपटतात, ग्लोव्हज घालून. कंदाचं कोंबाचं टोक तुटून जमिनीत राहिलं की परत उगवते. मी पहिल्यांदा उपटताना पाहिलं तेव्हा पोटात कालवलं, कारण लहानपणी रामटेकला आजोबांनी हीच दाखवली होती, पण इथली झाडं वाचवायची तर काढावीच लागते. जिथली आहे तिथं जपायची, जिथली नाही तिथं काढायची, दोन्ही एकाच झाडाबद्दल.

बजाजनगरची_भटकी
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलंच नव्हतं. कंद आणायचा विचार सोडला, त्या काकांनाही सांगते. आता एकच, मुलगा आल्यापासून रोज विचारून राहिला की ते फूल परत कधी बघायचं. नागपूरच्या जवळ कुठं, कधी जायचं? आणि फूल नसेल तर वेल ओळखायचा कसा, म्हणजे चुकून हात नको लागायला.

गोरेवाडा_सकाळी_सहा
जून-जुलैत पाऊस लागला की कोंब येतो, जुलैच्या शेवटापासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत फुलं, म्हणजे अजून वेळ आहे तुम्हाला. झुडपी जंगलाच्या कडेला बघा, दाट झाडीत आत नाही, जिथं ऊन येते पण चढायला काटेरी आधार आहे तिथं. आमच्याकडं गोरेवाड्याच्या बाजूला बघायचं तर वाट सोडू नका, गवत वाढलेलं असते आणि सापांचा सीझन आहे, मुलाला पूर्ण पँट आणि बूट घाला.
फूल नसेल तर पानाचं वळलेलं टोक शोधायचं, ते दिसलं की ओळख पटली. दिवाळीच्या पुढं हिरवी लांबट शेंग पिकून तीन भागात उकलते आणि आत लाल-केशरी गोल बिया दिसतात. त्या दिसायला फार गोड असतात, मुलांना तोंडात घालाव्या वाटतात, तेव्हा त्या काळात गेलात तर पिल्लूला आधीच सांगून ठेवा. त्यानंतर वेल वाळून जातो, उन्हाळ्यात तिथं काही आहे हे कळतसुद्धा नाही, म्हणून आत्ताच जागेचा फोटो आजूबाजूच्या झाडासकट काढून ठेवा, पुढच्या श्रावणात सापडायला सोपं जाईल. जागा मात्र इथं उघड टाकू नका, मला पर्सनल मेसेज करा.