ऑस्ट्रेलियातले मूलनिवासी आणि रान जाळण्याचं काम: काडी कुणी ओढायची?

बेंडिगोकर (धागाकर्ती)

2019-20 च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलिया पेटला तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांतही होरपळलेले कोआला दिसत होते. 2 कोटी 40 लाख हेक्टरहून जास्त जमीन जळली, आगीत 33 माणसं गेली, 3,000 वर घरं राख झाली. मग रिवाजाप्रमाणे रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं. ऑक्टोबर 2020 मध्ये अहवाल आला, त्यात मूलनिवासी लोक जमीन आणि आग कशी सांभाळतात यावर स्वतंत्र प्रकरण होतं. तेव्हापासून इथे ज्याच्या त्याच्या तोंडी 'कल्चरल बर्निंग', म्हणजे मूलनिवासींच्या जुन्या पद्धतीने रान जाळणं. फोटो निघतात, भाषणं होतात, आणि प्रत्यक्ष रान पेटवणारी माणसं बऱ्याच ठिकाणी अनुदान संपलं की घरी बसतात.

माझं म्हणणं असं, की हे काम कायम पगाराचं हवं, आणि कुठे, कधी, किती जाळायचं हेही त्याच लोकांनी ठरवायला हवं. सल्लागार म्हणून बैठकीत खुर्ची दिली की झालं, हे मला मान्य नाही.

मी राहते तो व्हिक्टोरिया राज्यातला बेंडिगोचा भाग जा जा वुरुंग या मूलनिवासी लोकांचा. 1851 नंतर सोन्यासाठी इथली जमीन अशी खणली की ते लोक तिला 'उलटा झालेला मुलूख' म्हणतात. मोठी झाडं खाणींसाठी गेली, बुंध्यांना फुटवे आले, म्हणून आज जिकडे बघाल तिकडे बारीक, दाट, काटकुळं रान. 2013 मध्ये त्यांचा राज्य सरकारशी करार झाला आणि 2017 पासून त्यांनी पुन्हा जाळायला सुरुवात केली.

बघायला गेलात तर निराश व्हाल, इतकं ते संथ असतं. गवत मुठीत चुरगळून बघतात, मातीत बोटं खुपसून ओल बघतात. दव उडालं की एका ठिकाणी काडी ओढायची आणि गप्प उभं राहायचं. आग तिथून चहूबाजूंनी सावकाश पसरते. ज्वाळा गुडघ्याच्या वर जात नाही, धूर पांढरा. किड्यामुंग्यांना बुंध्यावर चढायला वेळ मिळतो. शेंडा करपला तर काम बिघडलं असं धरतात. सरकारी पद्धतीत ड्रिप टॉर्चने (पेटतं इंधन ठिबकवणाऱ्या डब्याने) कडेकडेने आगीची रेघ ओढतात, सगळीकडून आग आत येते, आणि संध्याकाळी वहीत हेक्टर चढतात.

7 फेब्रुवारी 2009 च्या 'ब्लॅक सॅटर्डे'च्या वणव्यांत इथे 173 माणसं गेली. त्यानंतर व्हिक्टोरियाने ठरवलं की दरवर्षी 5 टक्के सरकारी रान जाळायचं. मग काय, आकडा भरायला वस्तीपासून लांबचं, सोपं रान पेटवत सुटले. 2015 मध्ये ते लक्ष्य गुंडाळावं लागलं. अशा खात्यापेक्षा झाडाचा शेंडा बघून आग लावणाऱ्यांवर माझा जास्त भरवसा आहे.

तात्या_चंद्रपूर

ताई, माहिती छान, मत पटलं नाही. माझी अख्खी नोकरी वनखात्यात गेली. 15 फेब्रुवारीच्या आत जाळरेषा (वणवा अडवायचे पट्टे) जाळून घ्यायच्या आणि मग 15 जूनपर्यंत देवाला हात जोडून बसायचं, हे मी केलंय. वहीत हेक्टर लिहिणाऱ्यांना हिणवणं सोपं आहे. पण काही बिनसलं की ती वहीच पुरावा असते.

ऑक्टोबर 2015 मध्ये तुमच्याच राज्यात लँसफिल्डला खात्याने लावलेली आग सुटली. 3,000 हेक्टरच्या वर रान आणि 4 घरं गेली. 2011 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात मार्गारेट रिव्हरला तसंच झालं, तीसेक घरं गेली. दोन्ही वेळा चौकशी बसली, कुणाचं काय चुकलं ते जगासमोर आलं. उद्या मूलनिवासी संस्थेची आग सुटली तर चौकशी कुणाची? निर्णय त्यांचा आणि उत्तर सरकारने द्यायचं, हे कुठल्याही देशात टिकणार नाही.

बेंडिगोकर

तात्या, तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं खात्याचीच आहेत, हे लक्षात आलं का? 🙂

गंमत सोडा, तुमचा प्रश्न खरा आहे. विमा हा इथला सगळ्यात मोठा अडसर आहे. सार्वजनिक दायित्वाचा विमा एक तर मिळत नाही, मिळाला तर छोट्या संस्थेला हप्ता परवडत नाही. खात्याच्या पाठीशी सरकारी तिजोरी असते, यांच्या पाठीशी कुणी नाही. म्हणून तर म्हणते, अधिकार द्यायचा तर तिजोरीही मागे उभी करा. आज जबाबदारीची भीती दाखवून अधिकार नाकारला जातो, आणि अधिकार नाही म्हणून अनुभव वाढत नाही.

खवचट_खानदेशी

म्हणजे यांची आग सुटत नाही याचं कारण काम इवलंसं आहे, हे असू शकतं की नाही? चार-पाच हेक्टर गवत जाळायला मीही जातो, माझीही सुटणार नाही.

मला खटकतं ते 'हजारो वर्षांचं ज्ञान' म्हटलं की सगळ्यांनी माना डोलवायच्या. ज्ञान असेलच, मी नाही म्हणत नाही. पण ते ज्या हवेत आणि ज्या रानात तयार झालं ती हवा आणि ते रान आज आहे का? 2019 मध्ये वर्षानुवर्षांच्या दुष्काळाने लाकूड आतपर्यंत वाळलेलं, त्यात 40 अंशांच्या वर तापमान आणि सोसाट्याचा वारा. अशा दिवशी आग शेंड्याशेंड्यांवरून पळते, खालचं गवत कुणी मेमध्ये प्रेमाने जाळलं होतं का हे विचारत नाही.

आणि शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. डेव्हिड लिंडनमायर आणि फिल झिलस्ट्रा यांचं म्हणणं असं की दक्षिणेकडच्या बऱ्याच जंगलांत जाळल्यानंतर खाली झुडपं दाट उगवतात आणि पुढची काही दशकं ते रान उलट जास्त पेटतं. तसंच सोडलं तर झाडं उंच होतात, झुडपं आपोआप विरळ होतात. मग न जाळणं हाही पर्याय आहेच की.

डार्विनचा_पक्या

खानदेशीभाऊ, दक्षिणेचं माहीत नाही, उत्तरेत या. इथे न जाळण्याचा पर्याय नाही. पावसाळ्यात गवत डोक्याच्या वर जातं, मेपर्यंत वाळतं, आणि ते जळणारच. प्रश्न फक्त मे-जूनमध्ये हलकं जळणार की ऑक्टोबरमध्ये भडकून, एवढाच.

इथल्या पश्चिम आर्नहेम लँडच्या खडकाळ पठारावर हा प्रयोग आपोआप होऊन गेलाय. विसाव्या शतकात तिथले बिनिंज लोक मिशनांकडे, खाणींकडे, शहराकडे निघून गेले. पठार रिकामं झालं आणि कोरड्या हंगामाच्या शेवटी अफाट आगी लागायला लागल्या. सायप्रस पाइन मेली, घळींतली अनबिनिक झाडांची जुनी रानं कडेने खाल्ली गेली. मग वामुद नामोक (बार्डायल नाजामेरेक) या बुजुर्गांनी लोकांना पुन्हा पठारावर आणलं, 2002 मध्ये काबुलवार्नाम्यो ही वस्ती उभी केली. ते चित्रकारही मोठे होते, पण इथे लोक त्यांना आगीसाठी मानतात. 2006 मध्ये आगप्रकल्प सुरू झाला, साधारण 28,000 चौरस किलोमीटरवर. पुढच्या वर्षी 'वार्डेकेन' ही कंपनी स्थापन झाली. आज रेंजर (रान राखणारा) ही तिथे पगारी नोकरी आहे आणि पोरं तिथेच शाळेत जातात.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं म्हातारे काठी घेऊन फिरतात. वुलीबट या झाडाला नारिंगी फुलं आली की जाळायची वेळ झाली, हे जुनंच. पण पठार एवढं मोठं की हेलिकॉप्टर लागतं. त्यात एक यंत्र असतं, पोटॅशियम परमँगनेटच्या गोळीत ग्लायकॉल टोचून ती खाली सोडतं, थोड्या वेळात गोळी पेटते. कुठे टाकायची ते त्या जमिनीचे मालक ठरवतात. बाकीचं पायी. आणि हंगामाच्या शेवटी वीज पडून आग लागली तर तीच माणसं पाठीवर लीफ ब्लोअर अडकवून रात्री खडकांतून पालापाचोळा उडवत पट्टा काढतात. पाण्याचा बंब तिथे पोचतच नाही.

पर्थची_पूर्वा

पक्या, छान सांगितलंस, पण पैसा कुठून येतो ते गाळलंस. 2006 चा करार कोनोकोफिलिप्स या तेल-गॅस कंपनीशी होता. डार्विनच्या गॅस प्रकल्पाचं प्रदूषण 'भरून काढायला' 17 वर्षं, वर्षाला साधारण 10 लाख डॉलर. म्हणजे समुद्रातून गॅस उपसायचा, आणि आदिवासींनी वेळेवर गवत जाळून मिथेन वाचवला की हिशेब चुकता!

शिवाय नियम बघा. सरकारी कार्बन पद्धतीत आगीचं उत्सर्जन कमी केलं की श्रेयांक मिळतात, त्यांचे पैसे होतात. तिथे 1 ऑगस्टच्या आधीची आग ती लवकरची, नंतरची ती उशिराची. फुलं, दव, वारा बघून ठरवायचं असं आपण म्हणतो आणि पगार ठरतो दिनदर्शिकेवर. ऑगस्टमध्ये एखाद्या पाणथळीच्या कडेला जाळणं योग्य असेल तर? जाळलं की श्रेयांक कमी. बेंडिगोकर ज्या आकड्यांच्या जाळणीला नावं ठेवतात, तीच मागच्या दाराने आत आली आहे.

डार्विनचा_पक्या

गॅसवाल्यांचं मी समर्थन करत नाही. पण पहिल्या 7 वर्षांत त्या भागातलं आगीचं उत्सर्जन आधीच्या सरासरीच्या तुलनेत 38 टक्क्यांच्या आसपास उतरलं. तिथे मोजतात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. कार्बन डायऑक्साइड पुढच्या पावसात गवत परत शोषतं म्हणून धरतच नाहीत. हिशेब हवेतला नाही.

सरकारी अनुदान दर निवडणुकीला डळमळतं. हा पैसा संस्थेच्या हातात येतो, त्यातून काय करायचं ते संस्था ठरवते. शाळाही अशीच उभी राहिली. तो पैसा घेऊ नका असं पर्थमध्ये बसून सांगणं सोपं आहे.

1 ऑगस्टबद्दल मात्र तुझं बरोबर आहे.

कोकणकडा

आपल्याकडे राब भाजतातच की! आमच्याकडे अजून फाल्गुन-चैत्रात पालापाचोळा, शेण, कवळं पसरून भाजणी होते. सह्याद्रीतही गवत चांगलं यावं म्हणून डोंगर पेटवतात. म्हणजे आपलीही 'कल्चरल बर्निंग'च, नाही का?

तात्या_चंद्रपूर

नाही. राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी वाफा भाजणं. आणि सह्याद्रीत कुणीतरी पेटवून पळून जातं त्याला संस्कृती म्हणू नका, निम्म्या वेळा ती बिडी असते. इकडे मोहफुलं वेचायला बुडखा साफ करतात, तेंदूला फुटवा यावा म्हणून जाळतात, त्यातून किती वणवे लागले ते मी विझवलेत. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या कायद्याने गुन्हा आहे.

बेंडिगोकर

तात्या, गुन्हा आहे म्हणूनच पेटवून पळतात, असं नाही वाटत? ज्याला उजेडात जाळायची परवानगी नाही तो अंधारात जाळणार, आणि थांबून आग राखणार नाही. कर्नाटकात बिळीगिरीच्या डोंगरातले सोलिगा तेच सांगत आले आहेत. पूर्वी ते वर्षाच्या सुरुवातीला पाचोळ्याची हलकी आग लावत, ती बंद झाली आणि घाणेरीने रान भरलं. कारण तेवढं एकच नसेल, पण त्यांचं ऐकायला कुणी तयार नव्हतं हे खरं.

संध्या_सिडनी

मी श्वसनविकारांच्या वॉर्डात परिचारिका आहे, म्हणून माझा एक काटा. त्या उन्हाळ्यात धुरामुळे 417 जादा मृत्यू झाल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला होता, म्हणजे ज्वाळांनी गेलेल्यांच्या बारापट. तुमच्या या हलक्या, गार आगीचा धूरही धूरच. हिवाळ्यात हवा साचते, धूर दरीत बसतो, आणि आमच्याकडे दम्याची पोरं रांगेने येतात. पांढरा, सुंदर धूर वगैरे वाचलं की मला तो फुप्फुसात दिसतो. जाळू नका म्हणत नाही. पण कधी जाळायचं हे फक्त जमिनीच्या मालकांनी ठरवायचं, हे शहरालगत मला मान्य नाही.

खवचट_खानदेशी

संध्याताईंना +1.

आणि बेंडिगोकर, तुमच्या जा जा वुरुंग मंडळींचंच बघा. जून 2021 च्या वादळात वॉम्बॅट जंगलात झाडं आडवी झाली, तेव्हा त्यांच्या संस्थेने सरकारी लाकूडतोड कंपनीबरोबर ती उचलायचं काम घेतलं. स्थानिक पर्यावरणवाले रस्त्यावर आले, ही तर मागल्या दाराने जंगलतोड आहे म्हणून. मग आता कोण बरोबर? मूलनिवासींनी ठरवलं म्हणून ते बरोबर, असं म्हणणार का?

बेंडिगोकर

बरोबरच असेल असं नाही म्हणणार. त्यांचा निर्णय चुकू शकतो, जसा खात्याचा चुकतो. पण त्या वादात एक गोष्ट मजेशीर होती. आगीच्या फोटोत जे लोक सगळ्यांना हवे होते, तेच करवत हातात घेतल्यावर नकोसे झाले. इथल्या रानात नुसत्या आगीने भागणार नाही, ही काटकुळी दाटी विरळ करावीच लागेल. ते 2017 पासून जाळतायत म्हणूनच त्यांना हे दिसतंय.

लिंडनमायर-झिलस्ट्रांबद्दल: त्यांचा रोख मुख्यतः खात्याच्या जाळणीवर आहे. दुसऱ्या बाजूला संशोधक मिकेला मारियानी आणि सहकाऱ्यांनी तळ्यांच्या गाळातले परागकण तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की आग्नेय ऑस्ट्रेलियात गोरे येण्याआधी झुडपं कमी होती, मूलनिवासींची आग थांबली आणि ती वाढली. 'तसंच सोडलं तर आपोआप विरळ होतं' हे प्रत्येक जंगलाला लागू नाही. ओल्या उंच जंगलात असेल, माझ्या इथल्या कोरड्या बॉक्स-आयर्नबार्क (निलगिरीच्या जातींच्या) रानात 170 वर्षं वाट बघूनही झालेलं नाही.

संध्याताई, शहरालगत तुमचं म्हणणं मान्य. हवेचा अंदाज आणि रुग्णालयांना आधी कळवणं हे कुणीही जाळलं तरी हवंच.

डार्विनचा_पक्या

जाता जाता, जुन्या ज्ञानाला खरा धोका इथे गँबा गवताचा आहे. आफ्रिकेतून गुरांसाठी आणलं, 4 मीटर वाढतं, देशी गवतापेक्षा उशिरा वाळतं. मे-जूनमध्ये देशी गवत शांतपणे जळतं, गँबा हिरवंच. मग ते हंगामाच्या शेवटी पेटतं आणि झाडं बुंध्यापासून मारतं. 2008 पासून ते घोषित तण आहे, तरी डार्विनच्या दक्षिणेला पसरतंच आहे. त्यामुळे रेंजरच्या कामात फवारणीही आली. वुलीबटची फुलं गँबाबद्दल काही सांगत नाहीत, हे खानदेशीभाऊंच्या बाजूने धरा हवं तर.

तात्या_चंद्रपूर

पक्याची पठारावरची गोष्ट पटली. तिथे वस्ती तुरळक, जमीन त्यांची, पगार त्यांचा, विझवायलाही तेच. तिथे अधिकार त्यांच्याकडेच असावा, माझी हरकत नाही. बेंडिगोत घरं आहेत, द्राक्षबागा आहेत, शेजारी आहेत. तिथे सही खात्याच्या माणसाचीही हवी, या मतावर मी ठाम आहे. ताई, तुमच्याकडे अशी दुहेरी सही चालते का, आणि दोघांचं जुळलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा? तेवढं लिहा, मग पुढे भांडू.