अनुभव धागा: फौजी अधिकाऱ्यांना शिकवणारे आधी कोण असतात?

नाशिकरोडकरांना तोफांचे आवाज आणि डोक्यावरून जाणारी हेलिकॉप्टरं काही नवी नाहीत. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण, इकडे भोसला मिलिटरी स्कूल, आणि २०२३पासून मुलींसाठी एसपीआय, म्हणजे एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था. पण अधिकारी घडवणाऱ्या संस्थांत शिकवायला माणसं येतात कुठून, यावर फारसं कुणी लिहीत नाही. शेजारची मुलगी एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तयारी करतेय. तिची आई परवा विचारत होती, "तिथे प्रोफेसर असतात की सगळे फौजीच?" तुम्ही शिकवलं असेल, शिकला असाल किंवा घरात कुणी असेल तर लिहा. नावं, युनिट, सध्याची नेमणूक मात्र नको.
– धागाकर्ती

गंगापूररोडकर:
शेजारीणबाईंना सांगा, दोन्ही असतात. मी एनडीएत फिजिक्स शिकवायचो, आता निवृत्त. त्याआधी इथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर होतो, म्हणजे पगार कधी होईल ते देवाला ठाऊक. यूपीएससीची जाहिरात बघून अर्ज टाकला, दिल्लीला धोलपूर हाउसमध्ये मुलाखत झाली आणि खडकवासल्याला रुजू झालो. तिथे पदवी मिळते जेएनयूची. त्यासाठीचे विषय शिकवणारे बहुतेक सिव्हिलियन, प्राचार्यही सिव्हिलियनच. कुणी माझ्यासारखं कॉलेजातून आलेलं, कुणी पीएचडी संपवून थेट. मैदानावरचं सगळं फौजींकडे.

आता वर्गाचं ऐका. पहाटे पीटी किंवा ड्रिल झालेली पोरं सायकलींच्या रांगेतून वर्गात येतात आणि पंख्याखाली बसतात. स्लाइड दाखवायला दिवे मालवले की निम्मा वर्ग गेलाच म्हणून समजा. झोप अनावर झालेला कॅडेट आपणहून उठून मागे भिंतीपाशी उभा राहायचा. वही हातात, पेन चालू, डोळे मिटलेले. नंतर वही बघितली तर समीकरण अर्ध्यात सुटलेलं आणि तिथून शाईची रेघ थेट पानाच्या कडेपर्यंत घसरलेली. अशा पोराला थर्मोडायनॅमिक्स शिकवायचं कसब नेट-सेटमध्ये कुणी तपासत नाही. पण विषय राहिले तर टर्म मागे जाते, त्यामुळे तोच पोरगा संध्याकाळी शंका घेऊन दारात हजर.

ओपीवाला:
तोफखान्यातून निवृत्त, देवळालीत शिकलो आणि तिथेच शिकवलंही. आमच्याकडे 'प्राध्यापक' हा कायमचा पेशा नाही. अधिकारी आधी युनिटमध्ये काही वर्षं काढतो, मग लाँग गनरी स्टाफ कोर्स करतो. हा कोर्स भल्याभल्यांचा घाम काढतो. तो झाला की इन्स्ट्रक्टर गनरी, म्हणजे आयजी, म्हणून नेमणूक होऊ शकते. दोन-तीन वर्षं शिकवायचं आणि परत युनिट. त्यामुळे शिकवणारा जे सांगतो ते त्याने नुकतंच कुठेतरी करून बघितलेलं असतं. वाईट बाजू अशी, की हात बसला न बसला तोच बदलीचा कागद येतो.

यंग ऑफिसर्स कोर्सची पोरं पहिल्यांदा फायरिंग रेंजवर येतात तेव्हा ओपीतून, म्हणजे निरीक्षण चौकीतून, दुर्बीण लावून गोळा कुठे पडला ते बघायचं आणि दुरुस्ती सांगायची असते. कोन मोजायचे मिल्समध्ये. एक मिल म्हणजे किलोमीटरभर अंतरावर साधारण एक मीटर, एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. गोळा लक्ष्याच्या अलीकडे पडला की नवखा पोरगा भीत भीत "ॲड फिफ्टी" म्हणतो. मी म्हणायचो, फिफ्टी काय, मिठाची चिमूट आहे का? चारशे वाढव, पलीकडे टाक. लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये आलं की अंतर निम्मं निम्मं करत ये. इंजिनिअरिंग करून आलेल्यांना गणित झटकन येतं, धीर येत नाही.

सिन्नरी:
अधिकाऱ्यांबद्दल सगळे लिहितील, म्हणून मी उस्तादांबद्दल लिहितो. माझे वडील हवालदार, पायदळातून ड्रिलचा कोर्स करून अकॅडमीत उस्ताद म्हणून गेले. शिक्षण दहावी. ज्या कॅडेटला उन्हात घोटून घोटून चालायला शिकवायचं, त्यालाच कमिशन मिळालं, म्हणजे तो अधिकारी झाला, की कडक सॅल्यूट मारायचा. याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, वडिलांना कधीच वाटलं नाही. "काम त्याचं वेगळं, माझं वेगळं," एवढंच म्हणायचे.

२६ जानेवारीला आमच्या घरी टीव्हीवर रणगाडे नि चित्ररथ बाकीचे बघतात. वडील फक्त टाचा नि हात बघतात. "तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा, हात खांद्याला येत नाहीये." कॅमेरा तोवर पुढे गेलेला असतो, पण ह्यांचं बोट अजून हवेत. आवाजाचं म्हणाल तर शेताच्या बांधावरून कुणाला हाक मारायची असली की भावकीतले अजूनही त्यांनाच पुढे करतात.

पचमढी ते पंचवटी:
आर्मी एज्युकेशन कोअरबद्दल (एईसी) कुणीच लिहिलं नाही, म्हणून माझी भर. नाशिकला एमएस्सी, मग एसएसबी (अधिकारी निवडीची मुलाखत), ओटीए (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) चेन्नई आणि पुढे पचमढीचं एईसी केंद्र. एनडीए तेव्हा मुलींना बंद होती, त्यामुळे २०२५च्या मे महिन्यात तिथून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या तेव्हा टीव्हीसमोरून हलले नाही. एईसीत स्त्रियांना पर्मनंट कमिशनची, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकारी राहण्याची, वाट २००८मध्ये खुली झाली, बहुतेक शाखांच्या कितीतरी आधी. आम्ही वर्दीतले शिक्षक: मॅप रीडिंग, भाषा, जवानांच्या परीक्षा. (पचमढीला मिलिटरी बँडचंही प्रशिक्षण चालतं, त्यामुळे मॅप रीडिंगच्या तासाला मागे कुणीतरी ट्रम्पेट घोटत असायचं.)

एका वर्गात एक सुभेदार साहेब होते, सगळी नोकरी सीमेवर गस्त घालण्यात गेलेली. कंटूरच्या, म्हणजे नकाशावर उंचसखलपणा दाखवणाऱ्या, रेषा त्यांना काही केल्या पटेनात. बाहेर जमिनीवर नेलं तर शांतपणे म्हणाले, "मॅडम, ये नाला नक्शे में गलत है." नकाशा जुना होता. पावसाळ्यांनी नाल्याची वाट बदलली होती. पुढचा तास मी त्यांनाच घ्यायला लावला.

उपनगरवासी:
आमच्या गच्चीवरून चीता-चेतक हेलिकॉप्टरं रोज दिसतात. आतेभाऊ आर्मी एव्हिएशनला होता. उडवता येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, त्यासाठी क्यूएफआयचा, म्हणजे उड्डाण प्रशिक्षकाचा, स्वतंत्र कोर्स करावा लागतो. शिकणाऱ्याच्या हातून चूक होत असताना आपले हात कंट्रोलजवळ ठेवून गप्प बसणं सगळ्यात अवघड, असं तो सांगायचा.

रामदंडी:
भोसला ही शाळा, अधिकाऱ्यांचं कॉलेज नव्हे, हे आधीच सांगतो. डॉ. मुंजे यांनी १९३७मध्ये सुरू केलेली. आम्हाला गणिताचे सर पुण्याकडचे आणि घोडेस्वारीचे सर घोडदळातून निवृत्त झालेले. धाक घोड्याचा जास्त होता.

ओपीवाला:
एक राहिलंच. तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात (अधिकाऱ्यांच्या पुढच्या शिक्षणाची संस्था) शिकवणाऱ्याला डीएस म्हणतात, डायरेक्टिंग स्टाफ. तोही कार्यरत अधिकारीच, स्वतः तो कोर्स केलेला. तिन्ही दलांचे आणि मित्रदेशांचे विद्यार्थी छोट्या छोट्या सिंडिकेटमध्ये, म्हणजे गटांत, बसवतात. डीएस बोलतो कमी, भांडायला लावतो जास्त. शेवटी 'डीएस सोल्यूशन' मिळतं, आणि मग खरं भांडण सुरू होतं.

धागाकर्ती:
शेजारीणबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांची भाची गणितात एमएस्सी आहे, आता दोघींचा प्रश्न असा, की अर्ज कॅडेट म्हणून करायचा की मास्तरीण म्हणून?

गंगापूररोडकर:
मुलीने एनडीएच्या परीक्षेचा, भाचीने यूपीएससीच्या भरतीचा. जागा विषयवार निघतात, जाहिरातीतली अर्हता नीट वाचायला सांगा. आणि वर्दीत राहूनच शिकवायचं असेल तर वरच्या एईसीवाल्या ताईंना विचारा.