'कन्सर्व्हन्सी'ला मराठीत काय म्हणायचं?

रामबाग_इंदूर
मंडळी, नमस्कार. इंदूरच्या सिरपूर तलावाबद्दलच्या एका पत्रकाचा इंग्रजीतून मराठी मजकूर करतोय. त्यात 'कन्सर्व्हन्सी' हा शब्द तीन ठिकाणी येतो: अमेरिकेतल्या 'द नेचर कन्सर्व्हन्सी'चा उल्लेख, नामिबियातल्या गावांनी 'कन्सर्व्हन्सी' स्थापून वन्यजीव राखले असं एक वाक्य, आणि इंदूरजवळच्या महू लष्करी छावणीच्या एका जुन्या कागदातले 'कन्सर्व्हन्सी स्टाफ' व 'कन्सर्व्हन्सी लेन'. सगळीकडे 'संवर्धन' घातलं तर शेवटच्या ठिकाणी 'संवर्धन कर्मचारी' आणि 'संवर्धन गल्ली' होतं. ते नक्कीच चुकतंय. शिवाय आमच्या गटाच्या नावातच हा शब्द घ्यावा असं काही जणांचं म्हणणं आहे. घ्यावा का?

शब्दांची_चाळण
एका मराठी शब्दात तिन्ही बसणार नाहीत, तो हट्ट सोडा. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'राखणे'. शेवटची 'न्सी' ही 'एजन्सी'तलीच. 'एजन्सी' म्हणजे काम आणि ते करणारी संस्था, दोन्ही, तसंच इथेही. म्हणून दर वेळी विचारायचं: कोण राखतंय आणि काय राखतंय?

पहिलं उदाहरण संस्थेच्या नावाचं. नावाचं भाषांतर करू नका, पहिल्या उल्लेखात ओळख जोडा: 'द नेचर कन्सर्व्हन्सी ही १९५१ साली अमेरिकेत स्थापन झालेली निसर्गरक्षण संस्था'. इथे एक घोटाळा नेहमी होतो. ब्रिटनमध्ये १९४९ साली 'नेचर कन्सर्व्हन्सी' नावाची सरकारी संस्था निघाली होती. ती वेगळी. मूळ लेखात कोणती आहे ते आधी पाहा.

दुसरं उदाहरण सगळ्यात नाजूक. नामिबियात १९९६ च्या कायदादुरुस्तीने सामूहिक जमिनीवर राहणाऱ्या लोकांना कन्सर्व्हन्सी नोंदवण्याचा हक्क मिळाला आणि १९९८ पासून नोंदणी सुरू झाली. नोंदणीसाठी हद्द ठरवावी लागते, सभासदांची यादी, निवडलेली समिती आणि घटना (लेखी नियमावली) लागते, उत्पन्न कसं वाटायचं तेही ठरवावं लागतं. मग वन्यजीव आणि पर्यटन यांतून उत्पन्न घेण्याचा हक्क गावकऱ्यांना मिळतो. जमीन मात्र सरकारचीच राहते. याला 'अभयारण्य' म्हटलं की वाचकाला वाटतं माणसं बाहेर काढली. प्रत्यक्षात तिथे लोक राहतात, गुरं चारतात. मी 'ग्रामसमूहाचं वन्यजीव राखणक्षेत्र' असं लिहीन, आणि पुढे नुसतं 'कन्सर्व्हन्सी'. अनेकवचन 'कन्सर्व्हन्स्या' करा, एजन्सी-एजन्स्या होतं तसंच.

उच्चाराचंही सांगतो. बरेच जण 'कॉन्झर्वन्सी' लिहितात. इंग्रजीत तिथे 'स' आहे, 'झ' नाही, आणि जोर 'सर्' वर येतो: कन्-सर्व्हन्सी.

जुनी_दप्तरं
तिसऱ्या उदाहरणावर मी लिहितो. छावण्या आणि नगरपालिकांच्या इंग्रजी कागदांत हा शब्द निसर्गाशी जोडलेला नसतोच. तिथे तो मैला आणि कचरा उचलण्याच्या व्यवस्थेचा शब्द आहे. 'कन्सर्व्हन्सी स्टाफ' म्हणजे सफाई कर्मचारी. घरांच्या दोन रांगांमध्ये मागच्या बाजूने अरुंद गल्ली सोडायचे, टोपलीचे संडास तिकडून उपसता यावेत म्हणून. तीच 'कन्सर्व्हन्सी लेन'. मुंबईत अशा मागच्या गल्लीला 'घरगल्ली' म्हणतात, आपल्या इंदुरात 'बॅकलेन'. पत्रकात 'सफाईची मागची गल्ली' लिहिलं की लहान मुलालाही कळेल. ते काम माणसांच्या हातांनी आणि डोक्यावर वाहून होत असे, म्हणून 'संवर्धन'सारखा गोड शब्द तिथे घालणं त्या माणसांवर अन्याय आहे.

तिसरी छटाही आहे: बंदरांची. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्यात 'कन्सर्व्हेटर' हे पद होतं. त्याचं काम जहाजांचा मार्ग मोकळा ठेवणं. गाळ, बुडालेली जहाजं, बोयी (जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा), हे सगळं त्याच्याकडे. लंडनच्या थेम्स नदीसाठी १८५७ साली निघालेली 'थेम्स कन्सर्व्हन्सी' याच जातीची, म्हणजे नदी वाहती आणि वापरती ठेवणारी संस्था. तुमच्या पत्रकात हे नाही, पण कुठे 'कन्सर्व्हेटर' दिसला की लगेच 'वनसंरक्षक' लिहू नका. वन खात्याचा असेल तरच वनसंरक्षक.

रामबाग_इंदूर
फार उपयोग झाला. पहिल्या दोन ओळी आणि गल्लीची ओळ तशीच घेतो. मग गटाचं नाव? 'सिरपूर पक्षीसंवर्धन' कसं वाटतं?

शब्दांची_चाळण
नको. 'संवर्धन' मध्ये वाढवणं आहे. पशुसंवर्धन म्हणजे गुरं पाळणं, मत्स्यसंवर्धन म्हणजे मासे वाढवणं. 'पक्षीसंवर्धन' वाचून कोंबड्यांचा पोल्ट्रीफार्म डोळ्यांपुढे येतो. पक्षी येतात ते उथळ पाणी आणि काठचं गवत शिल्लक असेल तर, म्हणून शब्दही 'राखणे' वर हवा.

जुनी_दप्तरं
आणि 'कन्सर्व्हन्सी'ही नावात नको. आपल्याकडे या नावाचा नोंदणीचा वेगळा प्रकार नाही. मध्यप्रदेशात गट १९७३ च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदवता येतो किंवा न्यास करता येतो. पाणथळींचे अधिकार २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे असतात. सिरपूर २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहे, त्यामुळे 'कन्सर्व्हन्सी' असं मोठं नाव वाचून बाहेरच्या माणसाला तुम्हीच ते अधिकारी मंडळ आहात असं वाटेल. आणि महापालिकेच्या जुन्या माणसाला कचऱ्याचं खातं आठवेल. 'सिरपूर तलाव राखण मंडळ' ठेवा. इंग्रजी नाव हवंच असेल तर 'फ्रेंड्स ऑफ सिरपूर' सारखं काहीतरी घ्या.

रामबाग_इंदूर
'राखण मंडळ' आवडलं. गटापुढे ठेवतो. फलकावर 'येथे पक्षी राखले जातात' की 'येथे पक्ष्यांचं राखण होतं'?

शब्दांची_चाळण
'राखण' स्त्रीलिंगी आहे: 'पक्ष्यांची राखण होते'. पण फलकावर आज्ञा किंवा विनंती जास्त चालते. 'काठचं गवत कापू नका, पक्षी त्यात घरटी करतात' एवढं लिहा.