जपानी ठसाचित्र भिंतीवर लावायचंय, दमटपणाचं काय करू?

तोक्योत भाड्याच्या घरात राहतो. जिम्बोचो या जुन्या पुस्तकांच्या भागात चित्रकार हिरोशिगेच्या १८५७ सालच्या ओहाशी पुलावरच्या पावसाच्या चित्राची, लाकडी ठशांवरून हाताने छापलेली नवी प्रत मिळाली. वाशी (पारंपरिक जपानी) कागद, साधारण ३९ बाय २६ सेंमी. मागून पाहिलं तर बारेन (छापताना कागदाच्या पाठीवर घासायची गोल चकती) घासल्याच्या खुणाही दिसतात, इतकी सुरेख आहे!

घरमालक खिळा मारू देत नाहीत, टाचणी चालते. ऊन न येणारी भिंत निवडली आहे. साध्या काचेच्या फ्रेममध्ये लावून पाहिली, पण त्सुयूत, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, कागद फुगून काचेला टेकला. लगेच काढली, डाग पडला नाही. आता आम्लमुक्त माउंट (चित्र आणि काचेमधली पुठ्ठ्याची चौकट) आणि अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक घेणार आहे. चित्राला चिकटपट्टी लावायची नाही.

कागद समोर टेकू नये म्हणून माउंट किती जाडीचा घ्यावा? आणि त्सुयूत तुम्ही फ्रेम भिंतीवरच ठेवता की उतरवता?