‘गो’चं ‘वेंट’ का होतं, हे मुलांना सांगावं की नाही?

फोंड्याची शिक्षिका: पाचवीतल्या वह्यांत ‘आय गोएड’ दिसतं. त्यावर लाल रेघ मारून ‘वेंट पाठ करा’ एवढंच सांगणं मला पटत नाही. ‘वेंट’ मुळात ‘गो’चं नव्हेच. वळणे, वाट धरणे या अर्थाचं ‘वेंड’ क्रियापद होतं, त्याचा हा भूतकाळ. ‘सेंड’चा ‘सेंट’ होतो तसा. जुन्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘एओडे’. तो मागे पडत गेला आणि १५०० सालच्या सुमाराला त्या जागी ‘वेंट’ रुळलं. गोव्यातल्या मुलांना यात नवल वाटू नये. मराठीत आपण ‘जातो’ म्हणतो, पण ‘गेला’. ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूतून आलं, ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’मधून. घरी कोंकणीत ‘वता’, पण ‘गेलो’. मुलाची चूक नियमाला धरूनच आहे, हे त्याला कळायला नको?

म्हापशाचे पालक: बाई, इतिहास गोड आहे, पण माझी मुलगी सातवीत ‘डिड यू वेंट’ लिहिते. तिथे ‘एओडे’ काय कामाचं? ‘डिड’ आलं की मूळ रूप, हे शंभरदा लिहूनच हातात बसतं. शिवाय खरी अडचण अर्थाची. ‘इट इज गोइंग टू रेन’चं भाषांतर तिने ‘तो पावसाकडे जात आहे’ असं केलं होतं. ‘अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे वाजला आणि ‘लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे गेले! तास यावर खर्च करा.

साखळीचे आजोबा: मी १९६१ आधी पोर्तुगीज शिकलो. ‘इर’ म्हणजे जाणे, पण ‘वोउ’ म्हणजे जातो आणि ‘फुई’ म्हणजे गेलो. वर ‘फुई’ म्हणजे ‘मी होतो’सुद्धा! लॅटिनची तीन क्रियापदं एकात मिसळली आहेत, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. छडीच्या धाकाने पाठ झालं, आजही तोंडावर आहे. पालकांचं म्हणणं खरं, घोकल्याशिवाय भाषा येत नाही. पण कारण कळलं असतं तर ती भाषा मला परकी वाटली नसती.

फोंड्याची शिक्षिका: सराव सोडा असं मी कुठे म्हटलं? ‘गोइंग टू’चा तुमचा दाखला तर माझ्याच बाजूचा. आधी ‘अमुक करायला निघालोय’ असा प्रत्यक्ष जाण्याचा अर्थ होता, मग नुसता बेत उरला, मग पावसालाही तेच लागू झालं. या क्रमाने सांगा, मुलगी पावसाकडे कुणाला पाठवणार नाही.

म्हापशाचे पालक: ‘गोइंग टू’चं मान्य. ‘वेंट’साठी मात्र मी पाठांतरावरच ठाम आहे.