पोलिश गरुड बिल्ला: कोणत्या सैन्याचा?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातील पोलिश टोपीवरचा हा गरुड बिल्ला कोणत्या सैन्याचा असावा? गरुडाला मुकुट असून पायांखाली ढाल आहे.

उत्तर: मुकुट असल्यामुळे १९४३ साली सोव्हिएत भूमीवर उभारलेल्या पोलिश कोशचुश्को डिव्हिजनचा तो नक्कीच नाही, त्यांचा गरुड बिनमुकुटाचा होता आणि सैनिक त्याला चेष्टेने कोंबडी म्हणत. ढालीचा नमुना मात्र १९१९ चा असल्याने तेवढ्यावरून काळ ठरत नाही. बिल्ल्याची मागची बाजू कशी आहे?

प्रश्नकर्ता: खरखरीत आहे, टोपीला बसवायचे मळसूत्र (स्क्रू) आहे, बनवणाऱ्याचा ठसा नाही.

दुसरे उत्तर: मग हे वाळूच्या साच्यातील ओतकाम दिसते, जे मध्यपूर्वेत व इटलीत लढलेल्या पोलिश जनरल आंडर्स यांच्या सैन्यात आढळते. तरी अस्सल नमुन्याशी माप ताडून पाहावे, कारण अस्सल बिल्ल्यावरून ओतलेली नक्कल धातू आकसल्याने किंचित लहान भरते आणि तिची पिसे बोथट दिसतात.