मुसलमान वस्तीत राहणारे मिशनरी: सेवा की छुपा हेतू? (अल्जीरिया)

मुक्ता_वाई (धागाकर्ती)

मिशनरी म्हटलं की आपल्याकडची चर्चा धर्मांतरावर सुरू होते आणि तिथंच संपते, म्हणून मुद्दाम लांबचं उदाहरण घेते. अल्जीयर्सच्या दक्षिणेला साधारण ९० किमीवर, मेदेआजवळ डोंगरात तिभिरीन गाव आहे, सगळी वस्ती मुसलमान, आणि तिथं १९३८ पासून फ्रेंच ट्रॅपिस्ट (कडक नियमांनी, बरंचसं मौन पाळून राहणारा कॅथलिक पंथ) साधूंचा मठ होता. पहाटे अंधारात उठून प्रार्थना, मग गावकऱ्यांबरोबर भागीत शेती, भाजीपाला, मधमाश्या, परत प्रार्थना, बास. ब्रदर ल्यूक डॉक्टर होते, १९४६ ला आले आणि म्हातारपणापर्यंत दवाखाना चालवला, आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका पोरं काखेत घेऊन यायच्या, औषध फुकट आणि धर्म कुणाला विचारायचा नाही. मठाच्या आवारातली एक जागा गावाला नमाजासाठी दिली होती, म्हणजे घंटा आणि अजान शेजारी शेजारी. धर्म बदलून घेणं हे यांच्या दिवसात कुठंच बसत नाही. माझं ठाम मत आहे की असं राहणं हेच त्यांचं काम होतं, त्यामागं अजून काही शोधायची गरज नाही.

राघव_स्पष्ट

ताई, तुम्ही सोयीचं उदाहरण निवडलंत. त्याच देशातला शार्ल द फुको घ्या की. आधी फ्रेंच घोडदळात अधिकारी, मग १८८३-८४ ला ज्यू धर्मगुरूचा वेश करून मोरोक्कोची पाहणी, आणि पुढं साधू होऊन १९०५ पासून सहारा वाळवंटातल्या तामान्रासेतला तुआरेग (तिथले भटके मुसलमान) लोकांत मुक्काम. सहारातला फ्रेंच सेनाधिकारी लापेरिन याचा जिवलग मित्र, दोघांचा सतत पत्रव्यवहार. १९१६ च्या पत्रात तर सरळ लिहिलंय की हे लोक ख्रिस्ती झाले नाहीत तर एक दिवस आपल्याला इथून हाकलतील. त्याच वर्षी तो राहायचा त्या गढीत बंदुका ठेवलेल्या होत्या. साधं राहणं, उपास, औषधं, सगळं खरं असेल, पण पाठीमागं फौज उभी असताना दारात आलेल्याला गरीब तुआरेग नको कसं म्हणणार?

डाबरे_वसई

राघवजी, पत्राचं खरं आहे, त्यावर पांघरूण घालणार नाही. पण अर्धंच सांगितलंत. १९०८ च्या सुरुवातीला हाच माणूस आजारी पडून मरायला टेकला होता, दुष्काळ होता, आणि त्याच तुआरेग लोकांनी लांबून लांबून शेळ्यांचं दूध गोळा करून त्याला पाजलं. स्वतःच्या पोरांना पुरत नसताना फौजेच्या भीतीनं कोण असं करतं? दिवसभर लोक यायचे, कुणाला औषध, कुणाला सुया, आणि उरलेला वेळ त्यांच्या भाषेला. त्यांच्या कविता हजारो ओळी उतरवून घेतल्या, शब्दकोश केला तो मरणानंतर चार खंडांत छापला. धर्मांतरं जवळजवळ शून्य. १५ मे २०२२ ला रोममध्ये संतपद मिळालं, त्याच दिवशी आपल्या तमिळनाडूच्या देवसहायम पिल्लैंनाही. आमच्या इथं देवसहायमचं खूप झालं, फुकोचं कुणी नावसुद्धा काढलं नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

मनामावासी

बहारीनमधून लिहितोय. इथलं अमेरिकन मिशन हॉस्पिटल १९०३ च्या इमारतीपासून चालू आहे, आमच्या धाकटीचा जन्म तिथलाच. त्या मिशनच्या सॅम्युएल झ्वेमरच्या दोन लहान मुली १९०४ च्या जुलैमध्ये आठवड्याभरात गेल्या. झ्वेमर मात्र उघड प्रचार करणारा, पुस्तकं विकत बाजारात फिरायचा, लपवाछपवी नाही. मला विचाराल तर ते जास्त प्रामाणिक. समोरच्याला कळतं की हा कशाला आलाय, मग तो हो म्हणेल नाहीतर नाही.

राघव_स्पष्ट

हेच तर म्हणतोय मी! आणि अजून एक, धोका वाढला की मठवाल्याकडं फ्रेंच पासपोर्ट असतो, विमान असतं. गावकरी कुठं जाणार? ही बरोबरी नाहीच, कितीही एकत्र भाजी लावा. अल्जीरियात २००६ पासून मुसलमानाला धर्म बदलायला लावलं तर दोन ते पाच वर्षं कैद आहे, तो कायदा मलाही जाचकच वाटतो, पण वसाहतीचा अनुभव घेतलेल्या देशाला असली भीती का वाटते ते समजून तर घ्या.

मुक्ता_वाई

पासपोर्ट होता, पण वापरला नाही ना! डिसेंबर १९९३ मध्ये जवळच बारा क्रोएशियन कामगारांचे गळे चिरले, आणि दहा दिवसांनी ख्रिसमसच्या आदल्या रात्री हत्यारबंद टोळी मठात शिरली, डॉक्टर द्या, औषधं द्या म्हणून. मठप्रमुख क्रिस्तियाँ द शेर्जे त्यांच्यासमोर उभे राहिले, डॉक्टर म्हातारे आहेत, ते कुठंही येणार नाहीत, पण आजारी माणूस इथं आला तर तपासतील, असं सांगून परत पाठवलं. सरकारनं फौजेचा पहारा देऊ केला तो नाकारला, कारण बंदुका आल्या तर गावकरी दवाखान्यात कसे येणार. मग मार्च १९९६ मध्ये मठातल्या सातजणांना उचलून नेलं आणि मारलं, त्यात ८२ वर्षांचे ल्यूक. जीआयए या तिथल्या यादवीतल्या कट्टर इस्लामी बंडखोर गटानं जबाबदारी घेतली, खरं काय झालं यावर अजून वाद आहे. त्याच काळात हिंसेला विरोध करणारे कितीतरी इमामही मारले गेले, तेव्हा हे दुःख एकट्या ख्रिस्ती लोकांचं नाही. राघव, जे गेले नाहीत त्यांना तुम्ही जाता येत होतं म्हणून दोष देताय, हे मला अजिबात पटत नाही.

राघव_स्पष्ट

तिभिरीनवाल्यांना दोष देत नाहीये, बंदुका नाकारल्या तिथं त्यांचा हेतू दिसला. फुकोनं गढीत ठेवल्या. माझ्यासाठी फरक तिथंच आहे, आणि दोघांना एकाच हारात ओवू नका एवढंच म्हणणं.

डाबरे_वसई

ती गढी आसपासच्या लोकांना लुटारूंपासून आसरा मिळावा म्हणूनही बांधली होती हो. तरी १ डिसेंबर १९१६ ला तिथंच गोळी घालून मारलं त्याला. उद्या यावर वेगळा धागा काढतो, लापेरिनचा सगळा भाग नीट लिहायला हवा.